शत्रू समोर नसताना गेलेले पायलट

प्रश्न : माझा भाचा नुकताच फ्लाइंग ट्रेनिंगला गेलाय, त्यावरून घरी विषय निघाला की दुसऱ्या महायुद्धात कितीतरी पायलट लढाईत नाही तर ट्रेनिंगमध्येच गेले. हे खरंय का, आणि समोर शत्रूच नाही तर जायचे कसे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : खरंय. अमेरिकेच्या आर्मी हवाई दलाचे जवळपास 15 हजार जण त्या युद्धाच्या काळात स्वतःच्या देशातच विमान अपघातांत गेले, त्यातले बरेचसे शिकाऊ. कसे जायचे ते जॉन गिलेस्पी मॅगी या तरुण पायलटवरून सांगतो, कारण तो मुलगा माझ्या डोक्यातून जातच नाही.

1922 चा जन्म, शांघायचा, वडील अमेरिकन मिशनरी आणि आई इंग्लिश. 1940 मध्ये अमेरिका अजून युद्धात नव्हती म्हणून हा येल युनिव्हर्सिटीची स्कॉलरशिप सोडून कॅनडाच्या हवाई दलात भरती झाला, तिथे विंग्ज (पायलट झाल्याचा बिल्ला) मिळवल्या, मग वेल्समध्ये स्पिटफायर हे लढाऊ विमान चालवायला शिकला आणि सप्टेंबर 1941 मध्ये उंच उडण्याच्या आनंदावर चौदा ओळींची कविता लिहून पत्रातून आईवडिलांना पाठवली. ती आजही पायलट लोकांना पाठ असते.

11 डिसेंबर 1941 ला इंग्लंडमधल्या लिंकनशायरमध्ये स्क्वाड्रनबरोबर (विमानांच्या तुकडीबरोबर) सरावाला गेला होता. त्या भागात एअरफिल्डच एअरफिल्ड, जवळच क्रॅनवेलला शिकाऊ पोरं उडतायत, वर ढग, आणि ढगात शिरलं की समोरचं काही दिसत नाही. मॅगी ढगातून खाली येत होता आणि साधारण 1400 फुटांवर त्याची टक्कर ऑक्सफर्ड नावाच्या एका ट्रेनर विमानाशी झाली. एका शेतकऱ्याने नंतर सांगितलं की स्पिटफायरचा पायलट कॉकपिटवरचं झाकण मागे ढकलायला धडपडत होता, शेवटी उभा राहून त्याने उडी मारली, पण जमीन इतकी जवळ आली होती की पॅराशूट उघडायला वेळच मिळाला नाही. वय फक्त 19. आणि त्याच दिवशी जर्मनीने अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं, म्हणजे ज्या युद्धासाठी हा आपला देश सोडून आला ते त्याच्या देशाचं झालं त्या दिवशीच हा गेला.

मॅगीची कबर स्कॉपविक गावात आहे, लोक अजून बघायला जातात. त्या ऑक्सफर्ड विमानातला शिकाऊ पायलट अर्नेस्ट ग्रिफिन, तोही त्याच टकरीत गेला, त्याचं नाव मात्र क्वचितच कोणी घेतं. तोही 19 वर्षांचाच होता.