म्हाताऱ्या कोंबड्यांचं खाणं आधी बदला

तुमच्या कोंबड्या चार-पाच वर्षांच्या झाल्यात आणि अंडी जवळपास थांबलीत, तर आधी लेअरचं, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठीचं, खाद्य बंद करा. त्यात साधारण ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असतं. अंड्याचं कवच बनत नसेल, तर ते जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडांवर ताण आणतं. त्याऐवजी सुमारे १६ टक्के प्रथिनांचं ग्रोअर, म्हणजे वाढत्या कोंबड्यांसाठीचं खाद्य, द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. जी अजून अधूनमधून अंडं घालते, ती स्वतःहून खाईल. पिसं झडण्याच्या काळात प्रथिनं थोडी वाढवा. मका मात्र बेतानेच. म्हाताऱ्या कोंबडीच्या पोटात चरबी फार लवकर साठते.

बसायची दांडी खाली आणा. उंचावरून उडी मारून तळव्याला जखम झाली, की गाठ होते आणि ती बरी व्हायला फार वेळ घेते.

आठवड्यातून एकदा प्रत्येकीला हातात घ्याच. पिसांमुळे वजन कळत नाही, म्हणून छातीचं हाड चाचपा. ते धारदार लागलं तर ती रोडावतेय, बहुधा तरुण कोंबड्या तिला खाऊ देत नाहीत. खाद्याचं दुसरं भांडं लांब ठेवा. पोट फुगून ती पेंग्विनसारखी ताठ उभी राहत असेल, तर थांबू नका, पशुवैद्यांना दाखवा.