नवी डीएससी (डिजिटल स्वाक्षरीचे प्रमाणपत्र) बसवल्यावर ग्राहकाचे कूटबद्ध (एन्क्रिप्ट केलेले) ईमेल उघडेनासे झाले, तर काय तपासावे?

आपल्या प्रश्नाचा आशय असा : शिरोली औद्योगिक वसाहतीत आपली फाउंड्री आहे. जर्मनीतील ग्राहक कास्टिंगची ड्रॉइंग्ज कूटबद्ध ईमेलनेच पाठवतो आणि आपली उत्तरे डिजिटल स्वाक्षरीसह मागतो. ईमेलच्या जुन्या प्रमाणपत्राची मुदत संपल्यावर आपण ते संगणकावरून काढून टाकले आणि निविदा व जीएसटीसाठी घेतलेली यूएसबी टोकनवरील डीएससी आउटलुकला जोडली. तेव्हापासून ग्राहकाला आपली स्वाक्षरी अविश्वसनीय दिसते आणि त्याचे नवे-जुने कोणतेच ईमेल आपल्याकडे उघडत नाहीत.

उद्यमनगर आणि गोकुळ शिरगाव भागातील कारखान्यांच्या कार्यालयांची ईमेल व्यवस्था मी पाहतो, म्हणून सर्वांत आधी एक कळकळीची विनंती करतो. त्या संगणकाचे विंडोज नव्याने टाकू नका, वापरकर्त्याचे खाते बदलू नका आणि कोणी सांगितले तरी टोकन 'इनिशियलाइज', म्हणजे पूर्ण पुसून कोरे, करू देऊ नका. काही वर्षांपूर्वी एका वर्कशॉपमध्ये टोकनमध्ये जागा उरली नाही म्हणून मीच ते इनिशियलाइज केले होते. त्यावरील एन्क्रिप्शनची जुनी किल्ली त्याबरोबर पुसली गेली, आणि त्या किल्लीसाठी कूटबद्ध केलेला दोन वर्षांचा पत्रव्यवहार पुन्हा कधीच उघडला नाही.

याचे कारण या पद्धतीच्या रचनेतच आहे. स्वाक्षरी आपल्या खासगी किल्लीने होते, पण आपल्याला येणारे ईमेल ग्राहक आपल्या प्रमाणपत्रातील सार्वजनिक किल्लीने कूटबद्ध करतो आणि ते फक्त तिच्याच जोडीच्या खासगी किल्लीने उघडतात. ईमेल पेटीत पडून राहिला तरी तो कूटबद्धच राहतो. प्रमाणपत्राची मुदत संपली म्हणून ती किल्ली निकामी होत नाही. नव्या स्वाक्षरीसाठी ती वापरू नये एवढाच त्याचा अर्थ, जुने ईमेल उघडायला ती कायमच लागणार. ग्राहकाच्या संपर्कवहीत अजून आपले जुनेच प्रमाणपत्र असल्यामुळे तो बहुधा आजही जुन्याच कुलपात ईमेल बंद करून पाठवत आहे. म्हणून नवे-जुने दोन्ही अडले आहेत.

आता जुनी किल्ली शोधायची. प्रमाणपत्र पहिल्यांदा बसवताना मिळालेली पीएफएक्स किंवा पी१२ फाइल (प्रमाणपत्र आणि खासगी किल्ली एकत्र असलेली) पेन ड्राइव्हवर, जुन्या संगणकावर किंवा बॅकअपमध्ये असेल आणि तिचा पासवर्ड आठवत असेल, तर ती पुन्हा इम्पोर्ट केली की जुने ईमेल उघडतील. ती नसली तरी एक वाट उरते आणि ती अनेकांना ठाऊक नसते. विंडोजमधून प्रमाणपत्र काढले तरी बहुतेक वेळा त्याची खासगी किल्ली त्याच वापरकर्त्याच्या खात्यात मागे राहते. तुटलेला असतो तो दोघांमधील दुवा. आपण पूर्वी स्वाक्षरी करून पाठवलेल्या कोणत्याही ईमेलबरोबर आपले प्रमाणपत्र गेलेले असते. 'सेंट' मधील असा एखादा ईमेल उघडून स्वाक्षरीच्या तपशिलातून ते प्रमाणपत्र सीईआर फाइल म्हणून काढावे आणि विंडोजच्या प्रमाणपत्रांच्या 'पर्सनल' या कप्प्यात इम्पोर्ट करावे. मग सर्टयूटिल या विंडोजच्याच साधनाची 'रिपेअरस्टोअर' ही आज्ञा, वापरकर्त्याच्या कप्प्यासाठीचा पर्याय लावून, त्या प्रमाणपत्राच्या अनुक्रमांकासह चालवावी. नंतर ते प्रमाणपत्र उघडल्यावर, त्याची खासगी किल्ली आपल्याकडे आहे असे सांगणारी ओळ खाली किल्लीच्या चित्रासह दिसली, तर काम झाले. ती ओळ नसेल तर नुसत्या सीईआर फाइलचा उपयोग नाही, कारण तिच्यात खासगी किल्ली नसते. दुवा जुळल्यावर शक्य असल्यास लगेच खासगी किल्लीसह एक्स्पोर्ट करून दोन ठिकाणी जपून ठेवावे.

डीएससी का चालली नाही, हे तिच्याच तपशिलात वाचता येते. निविदेसाठी दिलेल्या स्वाक्षरीच्या प्रमाणपत्रात 'की युसेज' या रकान्यात डिजिटल सिग्नेचर आणि नॉन-रेप्युडिएशन (स्वाक्षरी नंतर नाकारता न येणे) एवढेच उपयोग असतात. 'की एनसायफरमेंट', म्हणजे कूटबद्ध करण्याचा उपयोग, नसल्याने त्यावर कूटबद्ध ईमेल घेता येत नाहीत. एन्क्रिप्शनचे प्रमाणपत्र वेगळे घ्यावे लागते. शिवाय प्रमाणपत्रात लिहिलेला ईमेल पत्ता आणि आपण ज्या पत्त्यावरून पाठवता तो पत्ता एकच असावा लागतो. अर्ज भरताना तिथे करसल्लागाराच्या कार्यालयाचा पत्ता पडलेला मी अनेकदा पाहिला आहे, तेव्हा तेही तपासा.

राहिला ग्राहकाकडचा शेरा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 नुसार आपली डीएससी भारतात पूर्णपणे ग्राह्य आहे आणि तिच्या साखळीच्या मुळाशी प्रमाणन प्राधिकाऱ्यांच्या नियंत्रकांचे मूळ प्रमाणपत्र आहे. परंतु कायद्याची मान्यता ही एक गोष्ट आणि परदेशातील ईमेल प्रोग्रामचा विश्वास ही दुसरी. उदाहरणार्थ, थंडरबर्ड हा ईमेल प्रोग्राम आपली स्वतःची विश्वासयादी वापरतो आणि तिच्यात हे भारतीय मूळ प्रमाणपत्र नाही. ग्राहकाने ते हाताने बसवले तर शेरा जाईल, पण सुरक्षेचे नियम काटेकोर पाळणाऱ्या कंपनीकडे असा आग्रह धरणे मला योग्य वाटत नाही. डीएससी निविदांसाठी ठेवावी आणि ईमेलसाठी, पूर्वीप्रमाणेच, एस/माइमचे (ईमेलची स्वाक्षरी व एन्क्रिप्शन यांच्या प्रमाणित पद्धतीचे) वेगळे प्रमाणपत्र घ्यावे. खर्च वाढतो हे खरे, पण या व्यवहाराला तोच सरळ मार्ग आहे.

ते आल्यावर आउटलुकच्या ट्रस्ट सेंटरमधील 'ईमेल सिक्युरिटी' मध्ये जाऊन स्वाक्षरी आणि एन्क्रिप्शन या दोन्ही जागी नवे प्रमाणपत्र स्वतः निवडा, कारण तिथे जुन्याचीच निवड तशीच राहून गेलेली असू शकते. जुने प्रमाणपत्र मात्र कप्प्यात राहू द्या. मग ग्राहकाला केवळ स्वाक्षरी केलेला, कूटबद्ध न केलेला ईमेल पाठवा आणि त्यातील नवे प्रमाणपत्र संपर्कवहीत जुन्याच्या जागी नोंदवण्याची विनंती करा. त्याचेही स्वाक्षरी असलेले उत्तर मागवा, म्हणजे त्याचे आजचे प्रमाणपत्र आपल्याकडे येईल. त्यानंतरच एखादी लहान फाइल कूटबद्ध करून दोन्ही बाजूंनी पाठवून पाहा.

एवढे करूनही स्वाक्षरी बिघडलेली दिसली, तर शेरा शब्दशः वाचून घ्या. मजकूर बदलल्याचे त्यात म्हटले असेल, तर दोष प्रमाणपत्राचा नसून वाटेत ईमेलखाली सूचना चिकटवणाऱ्या सर्व्हरचा किंवा अँटिव्हायरसचा असण्याची शक्यता अधिक. ती सूचना बंद करावी लागेल. आणि ड्रॉइंगचा क्रमांक किंवा ग्राहकाच्या सुट्या भागाचे नाव विषयाच्या ओळीत लिहू नका, कारण आउटलुकमधून जाणाऱ्या कूटबद्ध ईमेलमध्येही ती ओळ उघडीच राहते.