आरशाशेजारची पुडी

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जपानच्या एदो काळातील (सतरावे ते एकोणिसावे शतक) लाकडी ठशांच्या चित्रांवर प्रबंध लिहिण्याचा तुझा विचार वाचून मनापासून आनंद झाला. आराखड्यात तू सौंदर्य, ऋतू आणि क्षणभंगुरता यांना अग्रस्थान दिले आहेस. माझा आग्रह असा, की त्याआधी चित्रातील स्त्रीच्या हातात काय आहे, तिच्या पुढ्यात काय मांडले आहे आणि ते कोणत्या दुकानातून आले असेल, हे तू बारकाईने पाहावेस. कारण ही चित्रे बहुतांशी प्रकाशकाच्या भांडवलावर, शहरी गिऱ्हाइकासाठी छापली जात.

सुरुवात सुझुकी हारुनोबुच्या सुमारे १७६६ च्या ‘दिवाणखान्यातील आठ दृश्ये’ या मालिकेपासून कर. चिनी परंपरेतील आठ निसर्गदृश्यांच्या जागी त्याने घरातील वस्तू बसवल्या: मंदिराच्या सांजघंटेऐवजी टोले देणारे घड्याळ, शरदाच्या चंद्राऐवजी आरसा, उतरणाऱ्या रानहंसांच्या रांगेऐवजी कोतो या तारवाद्याच्या घोड्या. असे घड्याळ तेव्हा सामान्य माणसाच्या घरी नसे, हे मात्र विसरू नकोस. चित्रातील वस्तू म्हणजे त्या काळच्या घराची नोंद, असे गृहीत धरलेस तर फसशील. पुष्कळदा ती लोकांच्या हौसेची नोंद असते.

चित्रकार केइसाई एइसेनने काढलेल्या स्त्रियांपाशी मात्र तू जास्त काळ थांबावेस, असे मला वाटते. त्यांतील काहींचा खालचा ओठ हिरवट दिसतो. करडईच्या फुलांपासून केलेला लाल रंग जाड थरात लावला की त्यावर हिरवी झाक चढते. तो अतिशय महाग असल्याने ज्यांना परवडत नसे त्या स्त्रिया आधी काळी शाई लावून वर रंगाचा पातळ हात फिरवीत. याच चित्रकाराच्या काही चित्रांत ‘बिएन सेंजोको’ या चेहऱ्याला लावायच्या पांढऱ्या पावडरीचे नाव किंवा तिची पुडी दिसते. ही पुडी एदो शहरातल्या (आजचे टोकियो) क्योबाशी भागातील साकामोतोया दुकानाची. तिच्या नावातील ‘सेंजो’ हे काबुकी या जपानी नाट्यप्रकारात स्त्रीभूमिका करणारा नट तिसरा सेगावा किकुनोजो याचे काव्यनाम. नटाची कीर्ती, दुकानाचा माल आणि चित्रकाराची रेषा एकाच कागदावर अशी एकत्र आलेली पाहिली, की त्या शहराचा बाजार कसा चालत होता, हे मला कोणत्याही इतिहासग्रंथापेक्षा स्पष्ट दिसते.

चित्रकार होकुसाईने त्याच शहरातल्या सुरुगा-चो भागातील मित्सुई यांचे कापडाचे दुकान काढले आहे. मागच्या फुजी पर्वताकडे जाणारी नजर आवरून आधी दुकानाची पाटी वाच: रोखीने व्यवहार, वाढवून सांगितलेला भाव नाही.

हे सारे जाहिरात म्हणून कमी लेखू नकोस. पुडी विकायची होती म्हणून एइसेनने ओठाची कड हयगयीने काढलेली नाही.

तेव्हा पहिल्या प्रकरणासाठी त्याचे एकच चित्र निवड, त्यातील प्रत्येक वस्तू, अक्षर आणि शिक्का यांची नोंद कर आणि ती मला पाठव. सौंदर्याच्या प्रकरणाची मांडणी आपण त्यानंतर ठरवू.

कळावे, लोभ आहेच.