वर्गात नव्याने उभे राहणाऱ्या शिक्षकासाठी

पाठाचे टाचण, म्हणजे शिकवण्याआधी लिहून काढायची तयारी, तपासणीपुरते काढू नका. आज मुलांकडून नेमके काय करून घ्यायचे, हे त्यात एका वाक्यात यावे. प्रश्न विचारल्यावर लगेच नाव पुकारू नका, तीन-चार सेकंद थांबा, म्हणजे मागच्या बाकावरचे मूलही विचार करू लागते. बीड जिल्ह्यात रुजू झाला असाल, तर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली मुले परतल्यावर त्यांना थेट चालू धड्याला जुंपू नका. हातच्याची वजाबाकी शिकायची राहून गेली असेल तर भागाकार कळणे कठीणच, म्हणून आधी काड्यांचा गठ्ठा सोडून एका दशकाचे दहा एकक होताना त्यांना पाहू द्या. बंजारा तांड्यावरच्या मुलांना त्यांच्या गोरमाटी बोलीत उत्तर देण्याची मोकळीक द्या, हे मी आग्रहाने सांगतो. वह्या तपासताना चूक जिथे झाली, नेमकी तीच पायरी अधोरेखित करा.