तोंडात धड दात नाहीत, मग ब्लॅक ड्रम मासा शिंपल्या फोडतो कसा?

दात आहेत हो. तुमचं बोट तिथवर पोचलं नाही इतकंच, आणि मासा जिवंत असताना पोचलं नाही ते बरंच झालं.

तुम्ही लिहिलंय की गॅल्व्हेस्टनच्या धक्क्यावर पाचेक किलोचा ब्लॅक ड्रम मिळाला, ओठांच्या आत बोट फिरवलं तर नुसती खरखर लागली, पण पोट फाडल्यावर मूठभर शिंपल्यांचा चुरा निघाला. शिवाय कोळंबी लावून लावून कंटाळलात, मोठे ड्रम लागत का नाहीत, असंही विचारलंय. मी टेक्सासच्या याच किनाऱ्यावर आठ-नऊ वर्षं गळ टाकते आहे. मासेतज्ज्ञ नाही, पण साफ करताना उघडून बघायची खोड आहे, त्यामुळे दातांपासूनच सुरुवात करते.

पुढच्या वेळी डोकं फेकू नका. (माझ्या पहिल्या ड्रमचं मी सरळ कचऱ्यात टाकलं होतं, अजून हळहळ वाटते.) कल्ले कापून बाजूला काढा आणि त्यांच्या कमानी मागे जिथे संपतात, म्हणजे अन्ननलिकेच्या अगदी तोंडाशी, तिथे चाचपून बघा. खाली एक जाड त्रिकोणी हाड लागेल आणि त्याच्या बरोबर समोर, वरच्या बाजूला, तशीच हाडं. त्यांच्यावर दाढा बसवलेल्या असतात. गोल, गुळगुळीत, पांढरट. नदीतले खडे शेजारी शेजारी दाबून बसवावेत तशा. मधल्या मोठ्या, कडेच्या बारीक. उकडून मांस खरवडून काढलं की हा ऐवज हातात घेऊन बसावंसं वाटतं. माझ्या टेबलावर दोन आहेत, आणि घरी येणारा प्रत्येक जण ते कुठल्या तरी जनावराचे दात समजतो.

म्हणजे या माशाची कामाची वाटणी अशी आहे: तोंडातली ती खरखर फक्त धरण्यापुरती. भक्ष्य ओढून आत घ्यायचं आणि घशाकडे सरकवायचं. फोडण्याचं काम घशातल्या दाढांचं. कवटीला जोडलेले जाड स्नायू वरचं आणि खालचं हाड एकमेकांवर दाबतात. याला जातं म्हणण्यापेक्षा अडकित्ता म्हणणं जास्त बरोबर, कारण इथे घासून पीठ करणं कमी आणि दाबून तडकवणं जास्त असतं. शिंपला फुटला की आतलं मऊ मांस गिळलं जातं, कवचाचे बरेचसे तुकडे तोंडातून आणि कल्ल्यांवाटे बाहेर टाकले जातात. सगळे तुकडे काही बाहेर पडत नाहीत. तुम्हाला पोटात सापडला तो राहिलेला चुरा.

याच किनाऱ्यावरच्या शीप्सहेड माशाशी तुलना करून बघा. त्याचे पुढचे दात अगदी माणसाच्या दातांसारखे दिसतात. पुलाच्या खांबांना चिकटलेले बार्नेकल, म्हणजे टणक कवचाचे बारके जीव, तो त्या दातांनी खरवडतो. ड्रमला खांबाशी काही देणंघेणं नाही, त्याचा सगळा व्यवहार तळाशी.

तो व्यवहार कसा चालतो तेही ऐका. तोंड खालच्या बाजूला वळलेलं आणि हनुवटीखाली वीसेक आखूड मिशा. गढूळ पाण्यात, चिखलावर या मिशा टेकवत तो पुढे सरकतो. डोळ्यांपेक्षा स्पर्शावर आणि वासावर त्याची भिस्त जास्त. काही लागलं की डोकं खाली करून चिखल उकरतो. पाणी उथळ असेल तर त्या वेळी त्याची शेपटी पाण्याबाहेर येते. इथले गळवाले सकाळी त्या हलणाऱ्या शेपट्याच शोधत असतात. चमकत्या, भरभर पळणाऱ्या नकली आमिषाकडे हा मासा सहसा ढुंकून बघत नाही, त्याचं कारणही हेच. जे समोरून धावतं ते त्याचं अन्न नव्हे.

लहानपणी मात्र त्याला यातलं काही जमत नाही. पिल्लांच्या अंगावर चार-पाच उभे काळे पट्टे असतात. त्या वयात ती चिखलातले मऊ किडे, बारीकसारीक कवचधारी जीव, एखादी छोटी मासळी यांवर जगतात. अंग वाढतं तशा घशातल्या दाढा आणि स्नायू भक्कम होत जातात, आणि मग ताटात पातळ कवचाच्या शिंपल्या, खेकडे, शेवटी कालवं येतात. आयुष्यही लांब आहे, साठीच्या आसपास पोचलेले ड्रम नोंदले गेले आहेत. गळाने पकडलेला जगातला सर्वांत मोठा 1975 साली डेलावेअर राज्यात मिळाला, वजन 51 किलोच्या वर. एवढ्या धुडाच्या घशात काय ताकद असेल याचा अंदाज तुमचा तुम्ही करा.

कालवांवरून या माशाची बदनामी बरीच आहे. लुइझियानात कालवांची शेती करणारे त्याचं नाव काढलं की वैतागतात, आणि त्यांचं अगदीच खोटं नाही. बंदिस्त पाण्यात ठेवलेले मोठे ड्रम दिवसाला वजनाच्या दर किलोमागे दोनाहून अधिक कालवं खाऊ शकतात, असं प्रयोगात दिसलं आहे. म्हणजे दहा किलोचा मासा वीस-बावीस. असा थवाच्या थवा नुकत्याच पसरलेल्या सुट्या कालवांवर उतरला तर मालकाचं काय होत असेल! पण एकमेकांना घट्ट चिकटून वाढलेला कालवांचा मोठा गड्डा त्याला तितकासा पेलवत नाही. तो घशात मावायला तर हवा. आणि कालवं मरण्याची दुसरी कारणंही भरपूर आहेत: पुरासोबत येणारं गोडं पाणी, डर्मो नावाचा रोग, कवचाला भोक पाडून आत शिरणारी शिकारी गोगलगाय. हे सगळं गुपचूप घडतं. ड्रम मात्र मागे ताज्या फुटलेल्या कवचांचा सडा टाकून जातो, म्हणून आळ पहिला त्याच्यावर येतो, असं माझं मत.

जाता जाता नावाबद्दल. आपल्या घोळ आणि धोम्याच्याच कुळातला हा मासा. घोळीच्या ज्या भोताला एवढा भाव येतो, तसलीच हवेची पिशवी याच्या पोटात असते आणि विणीच्या दिवसांत स्नायूंनी ती थरथरवून तो ढोलासारखा आवाज काढतो. फ्लोरिडातल्या केप कोरल गावात कॅनॉलच्या काठच्या लोकांना रात्री घरात हा घुमणारा आवाज ऐकू यायचा. ते आधी गावाच्या पाण्याच्या नळांना दोष देत होते.

आता आमिष. कोळंबी ड्रम आवडीने खातो, अडचण त्याची नाही. अडचण अशी की तळाशी पडलेली कोळंबी त्याच्याआधी शिंगाळे आणि बारकी मासळी कुरतडून संपवतात. म्हणून निळा खेकडा लावा. पाठीचं कवच काढा, नांग्या तोडा, खेकड्याचे दोन तुकडे करा आणि पाय जिथे अंगाला जोडलेला असतो त्या भोकातून गळ ओवा. बारक्यांना तो झेपत नाही, रस मात्र पाण्यात झिरपत राहतो. वजन एवढं हवं की आमिष तळावरच पडून राहील. फेब्रुवारी ते एप्रिल मोठे ड्रम विणीसाठी खाडीच्या तोंडाशी, दगडी बांधांजवळ जमतात, तेव्हा जा.

काठी हलली की लगेच झटका देऊ नका. ड्रम आधी खेकडा तोंडात घोळवतो, मागे ढकलतो, कधी बाहेर टाकून परत घेतो. आतल्या बाजूला वळलेलं टोक असलेला गोल गळ वापरा आणि काठी आपोआप वाकेपर्यंत थांबा. मला हे शिकायला अख्खा एक हंगाम लागला. दर वेळी घाईने ओढायचे आणि नुसता चेचलेला खेकडा परत यायचा. टेक्सासात साधारणपणे 14 ते 30 इंचांमधलेच ठेवता येतात (52 इंचांहून मोठा एखादा चालतो), त्याहून मोठा आला तर फोटो काढून पाण्यात सोडलेला बरा. मोठ्यांचं मांस तसंही जाडंभरडं.

आणखी एक गोष्ट, कारण तुम्ही नुसतं आमिष नाही, सवयींबद्दल विचारलंय. दक्षिण टेक्सासात बॅफिन बे नावाची खाडी आहे. पाणी कित्येकदा समुद्राहून खारट. तिथल्या ड्रमचा मोठा आधार म्हणजे नखाएवढ्या, पातळ कवचाच्या एका जातीच्या शिंपल्या. 2012 च्या सुमारास तिथे हाडं दिसणारे, खंगलेले ड्रम मिळू लागले. कापले तर मांस पाणचट, जेलीसारखं. अभ्यासकांनी बोट ठेवलं ते या शिंपल्या कमी झाल्यावर. एरवी काहीही खाणारा वाटणारा हा मासा त्या खाडीत एवढ्याशा शिंपलीवर किती अवलंबून होता, ते तेव्हा कळलं.

तुमच्या माशाच्या पोटातला चुरा अजून टाकला नसेल तर चाळणीत धुऊन उन्हात वाळवा. जाड, खडबडीत, थरांचे करडे तुकडे दिसले तर ती कालवं. पातळ, गुळगुळीत, पांढरे असतील तर लहान शिंपल्या. आणि निळसर किंवा केशरी झाक असलेलं काही सापडलं तर तुमच्या ड्रमने शेवटचं जेवण खेकड्याचं केलं होतं. त्या धक्क्यावर काय लावायचं ते मग मला विचारायची गरज नाही.