तुझ्या नावातला ज्ञ, आडनावातला ळ

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

इंदूरच्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात स्वतःचं नाव चार-पाच तऱ्हांनी ऐकून तू वैतागलीस. नावातल्या ज्ञचं सरळ 'ग्य' करून टाकू का, आडनावही 'ल'वर सोडून देऊ का, असं विचारलंस. नाव बदलू नकोस. पण कागदावरचं नाव आणि लोकांच्या तोंडातलं नाव ही दोन वेगळी कामं आहेत, ती वेगवेगळी हाताळ.

आधी तोंडातलं. ज्ञ म्हणजे मुळात ज् अधिक ञ. मराठीत त्याचा द्न्य झाला, हिंदीत ग्य, गुजरातीत ग्न. म्हणून इंदूरचा हिंदीभाषक सहकारी तुला 'ग्य' लावून हाक मारतो, तेव्हा तो शाळेत शिकलेलं अक्षर बरोबरच वाचत असतो. त्याला चूक म्हणू नकोस. "हमारे यहाँ इसे द्न्य बोलते हैं" एवढं सांगितलं की पुरतं.

त्यानंतर तो बहुधा 'दनया' म्हणेल. हिंदीत द् आणि न शब्दाच्या सुरुवातीला असे जोडून येत नाहीत, त्यामुळे मध्ये 'अ' घुसतो. उपाय सोपा आहे. द आणि न दोन्ही दातांवरचे, जीभ एकाच जागी टेकते. जीभ दातांना लागलेलीच ठेवायची आणि द वरून थेट 'अन्य'मधल्या न्य वर जायचं. फरक एवढाच की आता आवाज नाकातून येतो. दोनदा म्हणवून घे. तिसऱ्यांदा नको, माणूस अवघडतो.

ळ जरा जास्त वेळ घेतो. हिंदी लिहिता-बोलताना तो येत नाही. आपण होळकर म्हणतो ते शहरभर पाट्यांवर 'होलकर' लिहिलेलं दिसतंच. पण जवळची एक जागा हिंदीभाषकांकडे तयार आहे, 'सड़क'मधला ड़. जिभेचं टोक तिथेच मागे वळतं. त्यांना सांग, टोक तिथे वर न्या, क्षणभर ठेवा आणि ल म्हणा, म्हणजे हवा जिभेच्या दोन्ही कडांनी जाईल. टोक पटकन झटकलं की ड़ किंवा र ऐकू येतो, 'काळे'चं 'काड़े' होतं. चूक हमखास इथेच होते. सरावाला नुसतं 'आळा' म्हणायला लाव, कारण ळ दोन स्वरांच्या मध्ये सगळ्यात सहज निघतो.

ऑफिसात उज्जैन, देवास, धारकडचं कुणी असेल तर विचार, घरी माळवी बोलतात का. माळवीत आणि निमाडीत ळ आहे. गुजराती, कन्नड, तमिळ बोलणाऱ्यांकडेही आहे. त्यांना शिकवावं लागत नाही. तुझ्या आडनावात ळ आहे एवढं त्यांना कळलं की पुरे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मात्र ळसाठी दोन एल घालू नकोस, लोक त्याचा ल्ल करतात.

एवढं करूनही कुणाला ळ जमला नाही तर 'ल' आनंदाने घे. जीभ वळत नसेल तर तो त्या माणसाचा दोष नाही. पण "तेरा नाम मुश्किल है, तुझे कुछ और बुलाएँगे" हे मान्य करायचं नाही, पहिल्या दिवशीही नाही. तीन महिने चालवून घेतलंस की ते नाव चिकटतं, मग काढणं फार कठीण. चारचौघांत नको, नंतर एकट्याला गाठून सांग. जेवण मागवताना किंवा रिक्षावाल्याला घरचं दोन अक्षरी नाव दिलंस तर बिघडत नाही.

फोनवर सुटी अक्षरं सांगू नकोस. डी आणि बी, एन आणि एम ऐकताना एकमेकांत मिसळतात. "दिल्लीचा डी, नागपूरचा एन, यमुनेचा वाय" असं सांग. लिंक्डइनच्या मोबाईल ॲपमधून १० सेकंदांपर्यंत स्वतःच्या आवाजात नाव ठेवता येतं. तिथे नाव एकदा सावकाश म्हण, एकदा नेहमीच्या वेगाने.

आता कागद. दहावीच्या गुणपत्रिकेवर जे स्पेलिंग आहे तेच पाया मान. तिथे ज्ञसाठी डी-एन-वाय असेल तर पॅन, आधार, पासपोर्ट, बँक सगळीकडे तेच. एका ठिकाणी जी-वाय झालं की पॅन-आधार जोडताना नाव जुळत नाही आणि काम अडतं. वडिलांचं नावही बघ. आपण ते मध्ये लिहितो, हिंदी पद्धतीच्या अर्जात 'पिता का नाम' वेगळ्या रकान्यात असतं. एका कागदावर ते तुझ्या नावात आणि दुसऱ्यावर नाही, असं होऊन बसतं.

आधारवर नाव दोन लिप्यांत छापतात. इंग्रजीत भरलं की देवनागरी आपोआप तयार होतं, आणि डी-एन-वायचं 'डन्या' व्हायला वेळ लागत नाही. नोंद पक्की होण्याआधी स्क्रीनवर देवनागरी नाव वाच आणि चूक तिथेच हाताने सुधारून घे. कीबोर्डवर ळ नाही असं आधार केंद्रातला ऑपरेटर म्हणाला तर सांग: इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्डवर ल ज्या एनच्या कळीवर आहे तीच शिफ्टसोबत दाबली की ळ येतो. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून ही संधी घाईत घालवू नकोस.

आणि खरंच 'ग्य' करायचं ठरवलंस, तर नुसतं सही बदलून भागणार नाही. प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रांतली जाहिरात, राजपत्रातली प्रसिद्धी, त्यानंतर एकेक कागद. गुणपत्रिका तरीही जुन्याच नावाची राहू शकते आणि दोन्ही नावं जोडणारं राजपत्राचं पान कायम जवळ बाळगावं लागतं.

या रविवारी सगळे कागद एका टेबलावर मांड आणि प्रत्येकावरचं नाव अक्षर न् अक्षर, मोकळ्या जागांसकट, एका वहीत उतरव. कुठे फरक निघाला तर त्या पानाचा फोटो मला पाठव, कोणता कागद आधी दुरुस्त करायचा ते सांगते.

तुझी,
काकू