वाचक विचारतात : रात्री बाराचा मुहूर्त

प्रश्न : नमस्कार सर. आम्ही साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर चालवतो, ऊस नोंदणी, काट्याच्या पावत्या, तोडणी-वाहतुकीची बिलं वगैरे. रात्रीचे जॉब, म्हणजे आपोआप चालणारी कामं, क्वार्ट्झवर आहेत (ठरल्या वेळी जॉब सुरू करणारं सॉफ्टवेअर), डेटाबेस पोस्टग्रेस. आधी एकच कारखाना होता, आता बरेच झालेत आणि जॉब काही हजारांवर गेलेत, बहुतेक एक-दोन सेकंदांचेच. हंगामात बाराला सुरू झालेलं सकाळी सात वाजले तरी चालूच असतं. दोन सर्व्हरचे चार केले, प्रत्येकी २५ थ्रेड दिले (म्हणजे एका वेळी २५ जॉब), उलट हळू झाल्यासारखं वाटतंय. साहेब म्हणतात अजून दोन घ्या. घ्यायचे काय?
– एक वाचक, चिकोडी

उत्तर : आत्ता तरी नका घेऊ. आणि हळू झाल्यासारखं वाटतंय म्हणताय, ते खरंच झालं असणार. क्वार्ट्झ क्लस्टरमध्ये असला, म्हणजे बरेच सर्व्हर मिळून जॉबची एकच यादी चालवत असले, की प्रत्येक सर्व्हरला पुढचा जॉब सुरू करायच्या आधी डेटाबेसमधल्या लॉकच्या टेबलातली एक ओळ धरावी लागते आणि ती एका वेळी एकालाच मिळते. यार्डात ट्रॅक्टरना जागा डबल केली आणि काटा एकच ठेवला तर काय होणार, तेच. तासभर चालणारे जॉब असते तर हे जाणवलंही नसतं, पण सेकंदाचे हजारो जॉब म्हणजे निम्मा वेळ लॉकच्या रांगेत. क्वार्ट्झवाल्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की बारीक जॉब हजारोंनी असतील तर एकाच क्लस्टरला सर्व्हर जोडत बसू नका, जॉब वाटून वेगवेगळे शेड्यूलर करा. तुमच्याकडं तर वाटणी आयतीच आहे की, कारखान्याप्रमाणं.

त्याच्या आधी एक मोजा. जॉबची ठरलेली वेळ आणि प्रत्यक्ष सुरू झाल्याची वेळ, दोन्ही क्वार्ट्झ जॉबच्या हातात देतो, त्या लिहून ठेवा. बहुतेक जण फक्त जॉब किती वेळ चालला तेवढं बघतात आणि मग क्वेरीच्या मागं लागतात, आणि इकडं जॉब दोन सेकंद चालण्यासाठी तासभर खोळंबलेला असतो. खोळंबा जास्त असेल तर एका खेपेला किती ट्रिगर (जॉब सुरू करायचे इशारे) उचलायचे ते सेटिंग बघा, डीफॉल्टला १ असतं. ते वाढवलं की ट्रिगर लॉकमध्येच उचलायचं सेटिंगपण ट्रू करायला पाहिजे, नाहीतर डेटा बिघडू शकतो.

आता डेटाबेसची कनेक्शन. थ्रेडपेक्षा निदान ३ कनेक्शन जास्त ठेवायची असतात, म्हणजे तुमच्या चार सर्व्हरची २८ गुणिले ४, झाली ११२, आणि पोस्टग्रेसची डीफॉल्ट मर्यादा १००. ती कुणी वाढवली नसेल तर अजून दोन सर्व्हर आणून काय करणार, सांगा साहेबांना!

आणि बाराचा मुहूर्त कुणी काढला हो? आमच्या बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या ईआरपीपासून सोसायटीच्या व्याजापर्यंत जिथं बघावं तिथं सगळं बाराच्या ठोक्याला लावलेलं, कारण फॉर्ममध्ये आधीपासून ००:०० भरलेलं असतं. दिवस बंद झाल्याशिवाय चालतच नाहीत एवढेच जॉब बाराला ठेवा, रिपोर्ट, एसएमएस, बॅकअप सावकाश पसरा. बिलाचा जॉब तर घड्याळावर ठेवूच नका, पावत्यांचं काम संपलं की त्यानं बिलाला उठवायचं. दोनला पावत्या होतील म्हणून अडीचला बिल, असा अंदाज हंगामाच्या पहिल्या गर्दीतच कोसळतो.

गर्दीचा अजून एक त्रास म्हणजे मिसफायर. ठरल्या वेळेपासून ६० सेकंदांत जॉब उचलला गेला नाही की क्वार्ट्झ तो चुकला असं धरतो, आणि चुकलेले एका वेळी २० च हाताळतो, तेही तोच लॉक धरून. म्हणजे उशीर झाला म्हणून अजून उशीर. रात्रीच्या कामाला एवढी घाई नसते, ही मर्यादा पाच-दहा मिनिटांची केली तरी काही बिघडत नाही. सर्व्हरची घड्याळं मात्र एकमेकांशी सेकंदाच्या आत जुळलेली पाहिजेत, घड्याळं जुळवणारं एनटीपी चालू आहे ना बघा.

हे सगळं करून, कारखाने वाटूनसुद्धा सीपीयू खरंच भरलेला दिसला तर घ्या सर्व्हर, मग मी नको म्हणणार नाही.

प्रश्न : मी घरून न्यूयॉर्कच्या क्लायंटचे जॉब सांभाळतो. मार्चमध्ये रात्री २:३० चा जॉब एका रविवारी चाललाच नाही, लॉगमध्ये एररपण नाही. असं कसं?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : त्या रात्री तिकडं २:३० वाजलेच नाहीत. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळ दोनवरून थेट तीनवर जातं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी उलटं, एक ते दोन हा तास दोनदा येतो, तिथं १:३० चा जॉब दोनदा चालू शकतो आणि पेमेंटचा असला तर मग बसा निस्तरत. शेड्यूल यूटीसीत, म्हणजे कधीच मागंपुढं न होणाऱ्या जागतिक वेळेत टाका, ते जमत नसेल तर तिकडच्या एक ते तीनमध्ये काही लावू नका. पेमेंटच्या जॉबला मात्र आज हे काम झालंय का ही तपासणी आतच घाला.